दोर कोणाच्या हातात?

बाबा, किनाऱ्यावरच्या आपल्या माणसांशी समुद्र कधी खोटं बोलला नाही. खोटं बोलतात ती त्याच्याकडे पाठ करून बसलेली माणसं. हा राग तुझा होता, तू गेल्यापासून माझा आहे.

रापणीचा, सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून जाळं ओढायचा, तो दिवस आठव. जाळं घेऊन होडी निघालीय, दोराचं टोक दुसऱ्या कोणीतरी धरलंय असं किनाऱ्यावर प्रत्येकाला वाटतंय, आणि ते टोक वाळूवरून सरपटत पाण्यात चाललंय. तू ओरडतोस, "दोर कोणाच्या हातात आसा रे?" काका म्हणतो, "दर्याच्या! आणि कोणाच्या?" सगळे हसतात. तू हसत नाहीस. "आधी हात दाखवा, मगे होडी सोडा!"

आता मी बंदरावरच्या कार्यालयात संगणक सांभाळते. धक्क्यावर एक दिवा बसवलाय. वारा वाढला की लाल, नाहीतर हिरवा. एक प्रोग्राम वाऱ्याचा आकडा आणतो. त्याला जोडलेलं प्लगइन, म्हणजे एक छोटा जोड-प्रोग्राम, तो आकडा घेऊन दिवा लावतं. वीज जाऊन आली की दोन्ही नव्याने सुरू होतात, पण आधी कोणी, हे कोणीच ठरवलेलं नाही. प्लगइन आधी उठलं की त्याला वाऱ्याची खबर देणारा कोणी सापडत नाही. मग ते वारा शून्य धरतं, दिवा हिरवा करतं आणि पुन्हा विचारायला जातच नाही. परवा माडाच्या झावळ्या तुटून पडत होत्या, आणि दिवा हिरवा होता.

साहेबांना सांगितलं. "मॅडम, हे बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत तर नीट चालतं."

"तिथे वीज जात नाही, साहेब. आकडा येईपर्यंत दिवा लाल तरी ठेवायला सांगा."

"लाल दिसला की लोक फोन करून डोकं खातात."

आणि दादा! तुझा मुलगा, पण आता आभाळ बघत नाही, दिवा बघतो. "गो, सरकारान दिवो काय उगाच लावल्यान?" म्हणतो. पहाटे त्याची होडी निघणार आहे. दुपारपासून दक्षिणेकडे काळं दाटतंय, मघाशी वीज जाऊन आली, आणि खिडकीतून मला तो हिरवा दिवा दिसतोय.

संध्याकाळी धक्क्यावर सभा आहे. मी इतक्या सभा गाजवल्या. पण आज दादा ऐकेल याची मला खात्री नाही. हे पत्र कुठे टाकणार? म्हणून जे तिथे म्हणायचंय, ते आधी तुलाच ऐकवते: दुरुस्ती होईपर्यंत त्या दिव्यार गोणपाट घाला. आजच.