आगाजानचा कबुतरांचा बुरूज

गावर्त, १० मेहर १३३६

ती. आबजी माहसुलतान यांस धाकट्या सफरअलीचा सलाम, वि. वि.

खरबुजं संपली, गव्हाची पेरणी तोंडावर आली. यंदा शहरातून पांढऱ्या खताची पोती आणली आहेत. मग आगाजानचा कबुतरांचा बुरूज हवाय कशाला? पाडला तर जागा मोकळी होईल आणि विष्ठा मुरलेली त्याची माती शेताला दोन वर्षं पुरेल. बुरुजात वडिलांची लेक म्हणून तुमचाही वाटा आहे, म्हणून सहीचा कागद पाठवा. दाजींना सलाम.

मायेचा हक्कदार,
सफरअली

यझ्द, १९ मेहर

चि. सफरअलीस अनेक आशीर्वाद.

कागद पाठवत नाही. पोत्यातल्या पिठावर पिकलेलं खरबूज तूच खा. आगाजान वर्षातून एकदाच, थंडी सरताना, बुरुजाचं दार फोडून कबुतरांचं खत काढायचे आणि त्याच दिवशी माती लिंपून बंद करायचे. त्यावर आपण दोघं वाढलो. आत कबुतरं आहेत तोवर माझी सही मिळायची नाही. उतावळेपणा तुझा जन्माचा, जरा दमानं घे.

आठवण ठेवावी,
आबजी

गावर्त, १२ आबान

ती. आबजींस सलाम, वि. वि.

लिहायला लाज वाटते. तुमच्या पत्राचा राग आला. पाडता येत नाही तर निदान आतलं खत गव्हाला घालू म्हणून अवेळी दार फोडलं. काम एका दिवसात उरकलं नाही आणि दार चार दिवस उघडं राहिलं. साप शिरला. त्याला मारलं, पण कबुतरं उडून गेली ती परतलीच नाहीत. कोनाड्यांत नुसती फुटकी अंडी आहेत. शेजारचे हमदुल्ला म्हणाले, "बापानं चाळीस वर्षं सांभाळलं, तू चार दिवसांत घालवलंस."

अपराधी,
सफरअली

यझ्द, २० आबान

चि. सफरअलीस आशीर्वाद.

आधी चिडले, मग रडले. कबुतरं आहेत तोवर म्हणाले होते, आता ती नाहीत. शब्द पाळते. सही केलेला कागद सोबत आहे, खुशाल पाड. रिकामा बुरूज माझ्यानं बघवायचा नाही, म्हणून नौरोजच्या सणाला येणार नाही. थंडी वाढली, कान बांधून शेतात जा.

आबजी

गावर्त, ४ आझर

ती. आबजींस सलाम, वि. वि.

कागद मिळाला. दार लिंपून टाकलंय. साप चढू नये म्हणून बाहेरून गुळगुळीत चुन्याचा पट्टा नव्यानं दिलाय. रोज संध्याकाळी समोर जाऊन बसतो. अजून एकही आलेलं नाही. हमदुल्लांनी विचारलं, सही आली तरी पाडत का नाहीस. मी म्हटलं, "पाडला आणि ती परत आली, तर बसतील कुठे?"

नौरोजला तुम्ही याच. रिकामाच असला तर दोघं मिळून बघू.

माया पातळ होऊ देऊ नये,
सफरअली