सगळ्यांसाठी एकच पट्टी

२ फेब्रुवारी
सहाला उठलो. चहा. रियाज नाही, कारण घसा. सकाळच्या बॅचला चौघे, संध्याकाळच्या बॅचला तिघे. एकूण सात. दूधवाला धरला तर आठ, पण तो दारात उभा राहून ऐकतो, तेही मी पातेलं आणेपर्यंत.

सकाळची बॅच आमची ही घ्यायची. आता दोन्ही मीच घेतो. वर्ष होऊन गेलं. माणसं जातात, बॅचेस चालू राहतात. त्यात विशेष काही नाही.

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, एकटे किती दिवस राहणार? क्लास बंद करा आणि इकडे या, खोली रिकामीच आहे. मी म्हणालो, डिसेंबरात विद्यार्थ्यांचा कार्यक्रम करतोय, वाचनालयाच्या हॉलमध्ये. हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, ठीक. कार्यक्रम नीट झाला तर मी पुन्हा विषय काढणार नाही. फजिती झाली तर सामान बांधायचं. कबूल? मी कबूल म्हणून बसलो. वाद घालायची पद्धत आईची. समोरच्याला हो म्हणायला लावायचं आणि वर, ठरवलंत तुम्हीच, असं सांगायचं.

संकल्प: उद्यापासून रियाज. पहाटे पाच ते सात.

३ फेब्रुवारी
आठला उठलो.

९ फेब्रुवारी
कार्यक्रमाचा विषय ठरला. ऋतू. उन्हाळा, पाऊस, थंडी. सहा गाणी, चाली माझ्या. शेवटी मी स्वतः गाणार. आम्ही दोघं मिळून गायचो ते. एक ओळ माझी, एक तिची. आता दोन्ही मीच म्हणायच्या. अवघड नाही. तिच्या ओळी मला तिच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. ती दर वेळी कुठेतरी शब्द बदलायची आणि मी चुकलो असं तोंड करायची.

पोस्टमास्तर (रिटायर्ड) म्हणाले, सर, पट्टी जरा खाली घेता येईल का? त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून येतो. तानपुऱ्याचा बॉक्स काळी चारवर आहे. बायकांची उंच पट्टी. हिची. तेव्हापासून तिथेच आहे. मी म्हणालो, बटण घट्ट झालंय. ते म्हणाले, बघू का फिरवून? मी म्हणालो, हात लावू नका, नाजूक मशीन आहे. (हे मशीन एकदा जिन्यावरून पडलंय. सात पायऱ्या. वाजत वाजत खाली गेलं.)

१४ मार्च
विचार केल्यावर लक्षात आलं की बटणाचा मुद्दा गौण आहे. मुळात सगळ्यांनी एकाच उंच पट्टीत गाणं हेच शास्त्रीय. छाती मोठी होते, आळस जातो, आवाजाचे लाड बंद होतात. याला 'एकपट्टी पद्धत' असं नाव दिलं. यावर पुस्तक लिहायचं. दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर नाव लिहिलं. दुसऱ्या पानावर अर्पणपत्रिका. तिथे अडलो. वही कपाटात ठेवली.

२७ एप्रिल
उकाडा. पोस्टमास्तरांचा आवाज उन्हाळ्याच्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याला फाटला. धूळ फार आहे हवेत.

दातांचे डॉक्टर म्हणाले, सर, दिवसभर मी लोकांना 'आ' करायला लावतो, इथे आलो की माझाच 'आ' होतो. सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून नाही. ह्यांच्याकडे दाढ काढायला मी गेलो होतो तेव्हा मी तक्रार केली नव्हती.

शिंपीणबाई, हिची सर्वांत जुनी विद्यार्थिनी, हसल्या नाहीत. क्लास सुटल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, सर, मापं घेतल्याशिवाय मी कुणाला ब्लाउज शिवत नाही. मी म्हणालो, बरोबर आहे. त्यांना नक्की काय म्हणायचं होतं ते विचारायचं राहिलं.

१९ जून
हवा दमट. दोघांनी क्लास सोडला. पाच राहिले. बॅच गाळून शुद्ध होतेय.

वरच्या मजल्यावरची मुलगी मोबाइलवर गाणं शिकते. बरोबर गायलं की मोबाइल तिला चांदण्या देतो. संस्कृती कुठे चालली आहे! आमच्या गुरूंनी नऊ वर्षांत एकदा 'हं' म्हटलं. त्यावर मी महिनाभर तरंगत होतो. नंतर कळलं, ते घसा साफ करत होते.

आज मी स्वतः रियाजाला बसलो, काळी चारमध्ये. पाच मिनिटांत बेल वाजली. शेजारीण. म्हणाल्या, भाऊजी, तुमची पाण्याची मोटर कोरडी चालतेय का बघा. मी म्हणालो, बघतो. बघायला गेलोही.

२८ ऑगस्ट
लेक आणि नात आल्या. नात सहा वर्षांची, तिचे हात कधी रिकामे नसतात. आम्ही आत बोलत असताना बाहेरच्या खोलीत तानपुरा एकदम जाडा बोलू लागला. धावत गेलो. कार्टीने बटण फिरवलं होतं. एका बोटाने.

मी ओरडलो. नेमकं काय ओरडलो ते लिहीत नाही. ती रडायला लागली. बटण परत काळी चारवर आणलं. पुन्हा पुन्हा तपासलं. लेक दारात उभी होती. म्हणाली, बाबा, फोनवर तर घट्ट झालंय म्हणाला होतात ना? मी म्हणालो, दमट हवेने सैल झालं असेल. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मात्र आईसारखं नाही. आई बोलायची.

संध्याकाळी नातीला आइस्क्रीम खायला नेलं. म्हणाली, आजोबा, तुमच्या डब्यात आजी आहे का? मी म्हणालो, कोन नीट धर, गळतंय.

१७ ऑक्टोबर
पद्धतीला यश येतंय! पोस्टमास्तरांचा आवाज गेल्या महिन्यापासून मोकळा झाला आहे. क्लासमध्ये अजून फाटतो, पण फाटतानासुद्धा त्यात आत्मविश्वास असतो. डॉक्टरही तालात. ताबडतोब वहीत नोंद करायची ठरवलं. वही सापडली नाही.

एकच खंत. रविवारचा जादा क्लास ठेवला तर पाचही जणांना नेमकी रविवारीच कामं. शिंपीणबाईंना मशीनला तेल घालायचं असतं. पोस्टमास्तरांना मशीन नाही, पण तेही तेल म्हणाले.

रविवारीच फिरायला गेलो होतो. डॉक्टरांच्या दवाखान्याचं शटर अर्धं खाली, आतून गाण्याचा आवाज. बंद दवाखान्यात पेशंटसाठी रेकॉर्ड कशाला लावतात कळत नाही. गाणारा ओळखीचा वाटला. बरा होता. चाल चोरलेली वाटली.

६ डिसेंबर
उद्या सकाळी दहाला कार्यक्रम. लेक आणि नात आजच आल्या आहेत. लेकीने येताना दोन मोठ्या रिकाम्या सूटकेसेस आणल्या. म्हणाली, असू देत.

फेब्रुवारीपासून रियाज झाला एकूण तीन वेळा. न होण्याची कारणं अनुक्रमे धूळ, दमटपणा आणि थंडी. वर्षात चौथा ऋतू असता तर त्यात नक्की झाला असता.

७ डिसेंबर, दुपारी तीन
कार्यक्रम झाला. क्रमाने लिहितो.

हॉल निम्मा भरला. मी बॉक्स घेऊन स्टेजवर गेलो तर तिथे दुसराच बॉक्स वाजत होता, डॉक्टरांचा. खालच्या पट्टीत. शिंपीणबाई पुढे आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, रागवायचं ते नंतर रागवा. चार महिने दर रविवारी दवाखान्यात गातोय आम्ही. चाली तुमच्याच, फक्त खाली घेतल्यात. बाईंचा बॉक्स राहू दे तुमच्याजवळ. माझ्या हातातला बॉक्स त्यांनी घेतला नाही. खुर्ची मात्र दिली.

मी विंगेत खुर्चीवर बसलो, बॉक्स मांडीवर. सहाही गाणी चांगली झाली. चांगली म्हणजे खरोखर चांगली. पोस्टमास्तरांनी पावसाचं गाणं म्हटलं तेव्हा शेजारीण रडली. हीच ती मोटरवाली. या पाचांना कुणी शिकवलं असं कुणी विचारलं असतं तर मला काय उत्तर द्यावं कळलं नसतं. सुदैवाने कुणी विचारलं नाही.

मग माझं गाणं. डॉक्टरांनी पट्टी विचारली. मी म्हणालो, पांढरी एक. माझी. वीस वर्षांत एकट्याने या पट्टीत गायलो नव्हतो. आवाज लागला. घशाला काहीही झालेलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवायला हवं.

पहिली ओळ झाली. दुसरी तिची. मला पाठ होती. शब्द तोंडाशी होते. मी म्हटली नाही. मांडीवर ताल धरला आणि ओळ संपेपर्यंत थांबलो. तिसरी म्हटली. चौथीला परत थांबलो. लोकांना वाटलं, गाणं संपलं. टाळ्या. पोस्टमास्तर उभे राहिले म्हणून सगळे उभे राहिले. मग पाचवी ओळ सुरू करणं बरं दिसलं नसतं. मी नमस्कार केला. लेक तेवढी बसलेली होती, तिला पुढच्या ओळी माहीत होत्या.

घरी येताना तिने विचारलं, बाबा, नीट झालं की फजिती? तुम्हीच सांगा. मी म्हणालो, त्यांचं नीट झालं. ती म्हणाली, आणि तुमचं? मी म्हणालो, माझं अर्धं झालं. मग ती म्हणाली, चला, विषय संपला. तुम्ही इथेच राहा. जेवून त्या दोघी गेल्या. सूटकेसेस रिकाम्याच परत गेल्या, नातीने एकीवर बसून स्टेशनपर्यंत वरात काढली.

उद्यापासून दोन बॅचेस, दोन पट्ट्या. सकाळची बॅच शिंपीणबाई घेणार. मला कुणी विचारलं नाही, पण सांगितलं व्यवस्थित. एकपट्टी पद्धतीचं पुस्तक तूर्त स्थगित. कारणं तांत्रिक.

कार्यक्रमात घातलेल्या कुर्त्यावर चहा सांडला होता. भिजवला. कॉलर साबणाने घासली, पिळला, झटकला आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातला.