सावकाशराव आणि सर्व्हरचा पत्ता

१४ ऑक्टोबर

प्रिय चिमे,

खूप खूप आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, गुडघासुद्धा हल्ली कुरकुरत नाही. तू वेळेवर जेवतेस ना?

आधी ऑफिसची बातमी. विद्यापीठाचा मुख्य सर्व्हर बदलायचा होता आणि त्याचा पत्ता शेकडो सेटिंगच्या फाइलींमध्ये लिहिलेला. एरवी आम्ही एकेक फाइल हाताने दुरुस्त करायचो. एखादी हमखास राहायची. या वेळी मी हट्टालाच पेटले. म्हटलं, मॅक्रो वापरू. म्हणजे पत्ता एकाच जागी लिहून त्याला एक नाव द्यायचं आणि फाइलींच्या साच्यात फक्त ते नाव घालायचं. मग प्रोग्राम त्या नावाच्या जागी पत्ता भरून सगळ्या फाइली तयार करतो. साहेब म्हणाले, "फसलं तर निकालाच्या दिवशी पोरं माझी कॉलर धरतील!"

चाचणीत फसलंच. मी शहाणीने नाव ठेवलं 'होम'. फोल्डरांच्या नावांतही 'होम' असतंच, प्रोग्रामने तिथेही इमानेइतबारे पत्ता कोंबला. एकही सर्व्हर सुरू होईना. माझं तोंड एवढंसं झालं. नेटवर्क विभागातले सावकाशराव (टोपणनाव आहे, कारण सांगायला नको) शेजारी खुर्ची ओढून बसले.

"सावकाश. चाचणीच आहे ही. दुसरीकडे कुठे सापडणारच नाही असं नाव ठेवू."

ठेवलं. काल निकाल लागले आणि सगळं सुरळीत! साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

सावकाशराव तुला आवडतील. स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते विसरतात, पण मला चहात साखर कमी लागते हे नाही. आपला स्वयंपाकघरातला नळ त्यांनीच दुरुस्त केला. पुढच्या रविवारी नळ ठीक होता, तरी आले.

हसतेस ना? मला वाटलंच. इतकं लिहिलं, तरी मुद्द्याभोवती घिरट्याच घालतेय. काल टाळ्या थांबल्यावर बाहेर व्हरांड्यात मीच त्यांना विचारलं, "लग्न कराल माझ्याशी?" जन्मात पहिल्यांदा ते घाईने बोलले. "हो!"

तुझ्या बाबांचा फोटो आहे तिथेच राहील, हे मी लगेच सांगून टाकलं. ते म्हणाले, "अर्थात. त्यांच्यामुळेच तर तुम्ही एवढ्या हसऱ्या आहात." तेव्हा मात्र मला रडू आलं.

तारीख अजून ठरवलेली नाही. राग आला तर राग लिही, पण लिही.

नवरी व्हायला निघालेली, पण तुझ्या होकाराशिवाय पाऊल न उचलणारी,
तुझी आई