फांद्या एकाच बाजूला

मंगळवार, संध्याकाळ, तीर्थपुरी

सुट्टीला घरी आल्ते आणि प्रयोगशाळेतून सरांचा फोन आला. "तुझ्या प्लास्टिकची तपासणी झाली. रेणूंच्या साखळीतल्या सगळ्या फांद्या एकाच बाजूला आहेत. झिंकचा उत्प्रेरक सोडून दे म्हणालो, ते माझंच चुकलं."

फांद्या एकाच बाजूला! मक्यापासूनचं आमचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ पडायचं, कारण फांद्या कुठंही वळायच्या. आता ते टिकेल. झिंकभोवतीची रचना कुणी बदलली? मी. मीच की! एकटीच हसून राह्यले.

आईला सांगितलं. तिनं विचारलं, "मंग पेपरात नाव येईल का?"

"इतक्यात न्हाई गं."

"मंग मीच सांगते गल्लीत."

आणि खरंच निघाली, चपला न घालताच.