आखितीचा कोट

परभणी, ३ एप्रिल २०२५

तीर्थरूप आईस,
सुनेत्राचा शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला पाठवलेल्या साखरेच्या गाठी मिळाल्या. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं.

आमच्या कॉलनीची बाग यंदा बहरली आहे. मोकळ्या प्लॉटवर घरटी एकेक वाफा वाटून घेतलाय. चवळी, काकडी, टोमॅटो आणि कडेनं सूर्यफुलं. पण पोपटांचे थवे उतरतात आणि फुलं कुरतडून टाकतात. बागेची प्रमुख मी, म्हणून बोलणी मलाच बसतात. शेवटी आम्ही बुजगावणं उभं केलं. शेजारच्या सरजाबाई म्हणाल्या, हा तर आमच्या साहेबांपेक्षा रुबाबदार दिसतो. सगळ्या हसल्या, मीही हसले.

जिवाला जप. बापूला सांग, बहीण आठवण काढते.

तुझी,
सुनेत्रा


ताडकळस, ९ एप्रिल

चि. सुनेत्रास आईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. चवळी कवळी हाय तवरच तोड. लहानपनी पाखराला खडा मारला की तू रडायचीस, अन् आता बुजगावनं उभं करायलीस. वाचून हसू आलं.

काम असं हाय की महिनाअखेर आखिती. ह्यांच्यामागं पहिलीच. घागर भरायची, पित्तर जेवू घालायचं. ह्यांच्या जागी पित्तर म्हनून चंद्रभान भाऊजी बसनार. त्यायच्या अंगावर ह्यांचा काळा कोट घालावा असं लय मनात हाय. घराचे पत्रे बदलताना तुज्याकडं जपायला दिलेला. तुजी सोयरीक ठरवायला गेले ते त्याच कोटात. भाऊजी म्हनायलेत, वैनी, मी कोटात मावलो न्हाई तर दिनकरराव वरून शिव्या देतील.

कोटाला ऊन दाखव अन् घेऊन ये. वाट बघायलेय.

तुजी आई


परभणी, १४ एप्रिल

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

कोट आहे. ऊनही दाखवून झालंय. पण कॉलेजात परीक्षेचं काम लागलंय, त्यामुळे अक्षय तृतीयेला येणं होईलसं वाटत नाही. बापू पुढच्या आठवड्यात परभणीला येईल तेव्हा त्याच्याजवळ देते.

घाईत आहे. राग मानू नकोस.

सुनेत्रा


परभणी, २२ एप्रिल

तीर्थरूप आईस,
नमस्कार कोणत्या तोंडानं लिहू, तरी लिहिते.

मागच्या पत्रातलं एकेक वाक्य खरं होतं आणि पत्र मात्र खोटं होतं. आमच्या बुजगावण्याच्या अंगात बाबांचाच कोट होता. बायकांकडे जुना सदरा मागितला तेव्हा सरजाबाई म्हणाल्या, जित्या माणसाचे कपडे त्याला घालायचे नसतात. कुणी काही देईना. प्रमुख म्हणून मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, माझ्याकडे आहे.

तू तो जपायला दिलाय, हे मला पक्कं माहीत होतं. मग का दिला? कपाट उघडलं की बाबांच्या तंबाखूचा वास यायचा आणि मला दिवसभर काही सुचायचं नाही. तो वास घराबाहेर गेला तर बरं, असं वाटलं असेल का? की चारचौघींत मोठेपणा हवा होता? दोन्ही असावं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कोट उतरवला. खांदे उन्हानं तांबूस झालेत. धुलाईवाला म्हणाला, ताई, मळ असता तर काढला असता, उडालेला रंग कुठून आणू. आणि ज्या कोटानं पाखरं हाकलली, तोच घालून आपण कावळ्याला घास घ्यायला बोलावणार, हे मनातून जात नाही.

परीक्षेचं काम लागलं खरं, पण आपणहून नाही. मी मागून घेतलं. तुझ्यासमोर तो कोट हातात घेऊन उभं राहायची छाती झाली नाही. आज बापूजवळ दिला. हे पत्र मात्र टपालानं पाठवते, त्याच्या हाती द्यायलाही लाज वाटली.

माया आटू देऊ नकोस.

सुनेत्रा


ताडकळस, २ मे

चि. सुनेत्रास आशीर्वाद.

तुजं पत्र वाचून असा राग आला की चार रोज मी कागद हाती धरला न्हाई. जित्या मानसाचं चालत न्हाई, अन् तुज्या बापाचं चालतं व्हय गं?

आखिती झाली. भाऊजी कोट घालून पाटावर बसले. बाह्या बोटाच्या खाली आल्या. पत्र्यावर पान ठेवलं. कावळे समोरच्या लिंबावर बसलेले, पन एक बी खाली उतरंना. भाऊजी म्हनले, वैनी, दिनकरराव रुसले. मी म्हनलं, रुसले न्हाईत, लेकीनं त्यायला पाखरं हाकलायच्या नौकरीला लावलंय, ती सवय सुटंना. मंग सगळं सांगितलं. भाऊजी इतकं हसले की त्यायला ठसका लागला. त्यायनं कोट काढून खुंटीला अडकवला. कावळा आला, अन् पुरनपोळी घेऊन गेला.

कोट बापूसंगं परत पाठवायलेय. सूर्यफुलं जायच्या आत पुन्हा उभं कर त्यायला. इथं पेटीत पडून काय करतेत. जितेपनी मी शेताकडं चला म्हनलं तर कोटाची घडी मोडंल म्हनायचे.

कोटाचा राग गेला. पन एक सांगते. कावळ्याची वाट मी घडीभरच बघितली. दाराकडं मातर दिवस बुडेस्तवर बघत व्हते.

तुजी आई