मोडलेल्या बरगड्यांचे उपकार

६ जानेवारी, मंगळवार

नजर लागली म्हणं! सकाळपासून जो येतोय तो हेच सांगतोय. नणंद लिंबं घेऊन आली, उतरवून टाकायला. शेजारीण म्हणली, फुटबॉल हा आपल्याकडचा खेळच न्हाई, कबड्डी खेळला असता तर असं झालं नसतं. वर चहा सगळ्यांना पाहिजे, आणि माझ्याच हातचा. म्हणलं, पोरगा जाऊन परत आलाय, त्याला झोपू द्या. तर तोंडं फुगवून गेली. जाऊ देत.

नजर न्हवती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलंय. शौर्यच्या काळजाचं मांस एका अंगाला जाड झालंय. लई पळाला की ठोका बिघडतो, आणि बिघडला की काळीज नुसतं थरथरतं, रक्त पुढं ढकलत न्हाई. त्या दिवशी हेच झालं. पुण्यात क्लबच्या मैदानावर त्यांची ती पळायची परीक्षा चालू व्हती. टूं वाजलं की ह्या टोकाचं त्या टोकाला पळायचं, पुन्हा टूं, पुन्हा उलटं, आणि आवाज दर खेपेला जरा लवकर. मागं पडला तो संघाच्या बाहेर. शौर्य मागं पडलाच न्हाई. आडवा पडला. एकवीस वर्षांचं पोर.

आता छातीत कातडीखाली मशीन बसवलंय, काडेपेटीएवढं. ठोका बिघडला की ते आतल्या आत झटका देणार. मी खाटेशी बसून नुसती बघते. छाती वर येती, खाली जाती. देवा, बास. एवढंच चालू ठेव.

७ जानेवारी

आज पेज पिला. परत मागितली! मी चुलीपुढं जाऊन रडून घेतलं.

९ जानेवारी, शुक्रवार

जुन्नरहून जहाँआरा आली, तिच्या पोराला, फैजानला घेऊन. फैजान शौर्यच्याच क्लबचा गोलकीपर. शौर्य पडला तेव्हा बाकीची पोरं फेफरं आलं म्हणून बूट हुंगवत व्हती, तोंडावर पाणी मारत व्हती. ह्यानं सगळ्यांना ढकललं, शौर्यच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि दाबत राहिला. शॉकचं मशीन ऑफिसातनं येईस्तवर थांबला न्हाई. क्लबानं एकदा सगळ्यांना बाहुलीवर शिकवलं व्हतं म्हणं. बाकीच्यांनी बाहुलीबरोबर फोटो काढले, हा शिकला.

जहाँआरा उंबऱ्याशीच बसली. आत ये म्हणलं तर येईना, चहाला हात लावीना. मला वाटलं काय झालं हिला. मग म्हणली, "लंकाताई, माझ्या पोरानं तुमच्या पोराच्या दोन बरगड्या मोडल्या. माफ करा त्याला. तो नीट जेवत न्हाई तेव्हापासून."

म्हणलं, "बये, दोन का, सगळ्या मोडल्या असत्या तरी मी त्याचे हात धुऊन पाणी पिलं असतं."

शौर्य आतनं ओरडला, हसवू नका, दुखतंय. तसा फैजान उठून आत गेला आणि त्याच्या खाटेशी बसून ढसाढसा रडला. एवढं उंच पोरगं.

आमच्या घरात एक फेटा आहे. निरगुडसरच्या घाटात, शर्यतीत, आमचा बैलगाडा पहिला आला तेव्हाचा, मानाचा. माझा नवरा, म्हंजे आमच्या पोरीचा, समीचा बाप, तो कोणाला हात लावू देत न्हाई, सख्ख्या भावाच्या लग्नात दिला न्हाई. आज स्वतः पेटीतनं काढला आणि फैजानच्या डोक्याला बांधला. जहाँआरानं मग चहा पिला.

फैजान आता पोरगाच आहे आमचा. झालं.

१२ जानेवारी, सोमवार

क्लबचे कोच आले. सफरचंदं, नारळपाणी, सगळं आणलं. मी आधीच ठरवलं व्हतं बोलायचं. म्हणलं, सर, घाटात गाडा जुंपायच्या आधी जनावरांचा डॉक्टर येतो, बैलाच्या छातीला नळी लावून ऐकतो, मगच बैल पळतो. माझ्या पोराचं तुमी काय ऐकलंत? वजन बघितलं, चरबी बघितली, घड्याळ बघितलं.

वाटलं भांडतील. न्हाई भांडले. म्हणले, ताई, काळजाची पट्टी काढली व्हती, ईसीजी, दोन वर्षांखाली. जरा वेगळी आली व्हती. आमचा माणूस म्हणला, खेळाडूंचं काळीज मोठं असतंच, पळून पळून व्हतं तसं. आमी पुढं तपासलं न्हाई. आता सगळ्या पोरांचं तपासतोय, आणि शौर्यच्या दवाखान्याच्या खर्चाला आमी मागं सरलो न्हाई, सरणार न्हाई.

ते खरं आहे. त्यांनीच सगळं केलं. राग धरायला गेले तर धरवेना.

ते गेल्यावर शौर्य म्हणला, आई, त्यांना एकट्याला बोलू नको. दिवाळीपासून दोनदा डोळ्यापुढं अंधारी आली व्हती मला. सांगितलं असतं तर नवीन करार मिळाला नसता.

त्याला खेळायचं न्हाई आता, निदान असलं न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडला दिवसभर. मी त्याच्या पाठीला बघत बसले. पाठ पण हलती श्वासाबरोबर. रड बाबा, किती रडायचं तितकं रड. रडतोयस हेच लई आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

टाके दाखवायला पुण्याला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणल्या, हा आजार रक्तातनं येतो, आई-बाप आणि बहिणीची तपासणी झालीच पाहिजे. समीला फोन केला तर म्हणली मला पळायचा सराव आहे. पोलीस भरतीचं मैदान, म्हंजे पळायची परीक्षा, सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी. ती दुसरं काही ऐकतच न्हाई.

बाईंनी विचारलं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का. म्हणलं, गेलाय की! माझा धाकटा दीर, भागू. घाटात बैल धरून उभा व्हता, गाडा सुटला आणि हा तिथंच पडला. बैलाची लाथ बसली म्हणून सगळे म्हणले, पण अंगावर खूण कुठं व्हती? बैल बिचारा विकून टाकला. समीच्या बापाला म्हणलं, बघा, तुमच्या घरातनं आलं हे.

मग म्हणल्या, आणि तुमच्या माहेरी? म्हणलं, माहेर माझं शिनोलीच्या वर, डोंगरात. आई लवकर गेली, पण तिला भात लावताना पान लागलं. साप चावला. त्याचा काय संबंध. तर म्हणतात, साप कोणी बघितला व्हता का? म्हणलं, बाई, खाचरातल्या चिखलात साप दिसतो व्हय! शिकलेली माणसं कायबी विचारतात.

आमच्या दोघांच्या छातीला वायरी लावल्या, मग थंडगार चिकट काहीतरी लावून पडद्यावर बघितलं. मोठे डॉक्टर बघून कळवणार आहेत.

येताना एसटीत सगळ्या वाटेनं मी समीच्या बापाला ऐकवत आले. तुमच्याकडचं, तुमच्या रक्तातलं. शेवटी मंचरला उतरून त्यानं मला उसाचा रस पाजला.

१७ जानेवारी

घासाचा भारा आणताना बांधावर टेकावं लागलं. छातीत पाखरू अडकल्यागत फडफड. वय झालं आता.

१८ जानेवारी, रविवार

समीशी कडाक्याचं भांडण. म्हणलं, उद्या चल तपासायला, पडद्यावर बघायचं नुसतं, सुई पण टोचत न्हाईत. ती म्हणली, "आणि जाड निघालं तर? दादा पण घरी, मी पण घरी?" तीन वर्षं पळतीय ती. पहाटे उठून रस्त्यावर एकटी. गेल्या खेपेला थोडक्यात गेलं तिचं. म्हणती, मला कधी काही झालं न्हाई, चुलत्याचं ते बाबाच्या घरातल्या पुरुषांना असंल.

शौर्य उठून बाहेर आला, भिंतीला धरत. म्हणला, "समे, मी न सांगता पळालो. तरी संघातनं गेलोच. वरनं आईला काय बघावं लागलं बघ."

ती बूट बांधून निघून गेली. पळायलाच! मी दारात उभी, ती परत दिसेस्तवर. परत आली, घामानं भिजलेली, धडधाकट. जीव भांड्यात पडला. पण मला असा रोज दारात उभं राहायला जमणार न्हाई. मला वाट बघता येत न्हाई, पहिल्यापासून.

२१ जानेवारी

शौर्य आज बैलांपर्यंत चालत गेला. बैलानं त्याचा हात चाटला. फैजानचा व्हिडिओ कॉल, डोक्याला फेटा! जिममधे घालून गेला म्हणं. हसून हसून शौर्यनं बरगड्या धरल्या.

२३ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंचा फोन. समीचा बाप साफ. काही न्हाई त्याच्यात.

माझ्यात आहे. शौर्यगत, जाड.

म्हंजे भागूला बैलानंच मारलं असंल, खूण नसली तरी. आणि आईला पान लागलं न्हवतं. ती चिखलात पडली आणि आमी सगळी मांत्रिकाला बोलवायला धावलो. तिच्या छातीवर कोणी हात ठेवला न्हाई, कोणाला ठावकंच न्हवतं. ती गेली आणि मी आजवर जिती आहे, पोरगा जिता आहे. कोणाकोणाच्या पाया पडू!

एवढं मी ऐकवलं, तरी समीचा बाप माझ्याच गोळ्या आणायला गेला.

समीला बोलावलं, समोर बसवलं. म्हणलं, "हे बापाच्या घरातलं न्हाई, माझ्यातलं आहे, आणि बायकांना पण व्हतं. मंगळवारी तुझं मैदान. सोमवारी डॉक्टरीणबाई सव्वीस जानेवारीची सुट्टी असून तुझ्यासाठी येते म्हणल्यात. रविवारी तुझा बाप बैल धुऊन घरी येईस्तवर मला सांगायचं. येतीस, का न्हाई?"