चिंचेने घासलेलं नाणं

नोव्हाय, मिशिगन
१२ मार्च २०२५

ती. देवयानी वन्संना
सुनेत्राचा वाकून नमस्कार.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हा कागद. राग नाकावर असला तरी फाडण्याआधी तुम्ही वाचणार, एवढं तुम्हाला ओळखते. इकडे बर्फ वितळायला लागलाय. अनिका हर्नडनहून येऊन राहिली आहे, ऑफिसचं काम इथूनच करते. तुमचं लोणचं अजून पुरतंय.

आधी दिवाळीचं बोलू. ओट्यावरच्या वाटीत ह्यांची तांब्याची नाणी तेलात भिजत होती. शेतमालकाची परवानगी काढून, मेटल डिटेक्टर फिरवून ह्यांनी ती जमिनीतून काढलेली. पाहुणी म्हणून नुसतं काय बसायचं, असं तुम्हाला वाटलं आणि देवाच्या उपकरण्यांबरोबर त्यातलं एक चिंच-मीठ लावून लख्ख केलंत. आपल्याकडची कोणीही बाई तेच करील. पण जुन्या नाण्यावरचा काळपट थरच त्याला राखतो. तो गेला, वर सालही पुसलं गेलं. हे ओरडले, "ताई, सगळं रुइन केलंस तू!" तुम्ही तिकीट बदलून नागपूर गाठलंत. चूक कोणाची, ते मला उकरायचं नाही.

बाकीच्या नाण्यांचं काम चालू आहे, पण आता मी करते. टूथपिकने माती कणाकणाने सोडवायची, डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं, पूर्ण वाळलं की मेणाचा पातळ हात द्यायचा. माझ्यासारख्या धसमुसळ्या बाईला हे जमतंय!

मी का, असं विचाराल. जानेवारीत ह्यांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला, वाचा गेली. अनिका म्हणाली, "आई, आत्याला सांगू नकोस, शी विल ब्लेम हरसेल्फ." मी गप्प बसले. पण डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, दुखणं जुन्या ब्लडप्रेशरचं, भांडणाचं नव्हे. तेव्हा ते खूळ डोक्यात घेऊ नका.

हाताला सराव म्हणून हे रोज टूथपिक धरतात, आणि समोर तुम्ही घासलेलंच नाणं घेतात. त्याचं आणखी काही बिघडायचं राहिलेलं नाही, म्हणून धास्ती नाही. अक्षरांच्या खाचेत तुमची चिंच सुकून बसली होती, ती परवा त्यांनी एकट्याने काढली. मी टाळ्या वाजवल्या. ते चिडले.

काल स्पीच थेरपीच्या बाईंनी घरच्यांचे फोटो एकेक करून दाखवले. माझ्या फोटोला नुसतं 'हुं'. तुमचा आला आणि हे म्हणाले, "ताई." स्वच्छ, दोनदा. खरं सांगते, एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मला रागच आला. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

एप्रिलचं तिकीट काढलंय, अनिका ईमेल करेल. नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही. डेट्रॉइट एअरपोर्टवर मी स्वतः गाडी घेऊन येणार. माझं नाव त्यांच्या तोंडून मी काढीनच, मला सवड आहे. तुम्ही फक्त हाकेला ओ द्यायला या.

तुमची हट्टी भावजय,
सुनेत्रा